तीनास दोन

एप्रिल. इंदोऱ्यातली गच्ची.
दिवसभर भाजलेला स्लॅब
दोन बादल्या पाण्याने नुसता फुसफुसला.
खाली दोन कूलर, एक आमचा, एक रामटेक्यांचा.
दोघांच्या पंख्यांचा सूर केसभर वेगळा,
म्हणून मधूनच एक घुमारा उठतो, विरतो,
पुन्हा उठतो.
आई म्हणते, "काहून रडून राहिलं व हे मशीन?"

मी वर बोट दाखवते.
तिथे, अरुंधतीकेशात, तिला काहीच दिसत नाही.
मलाही नाही.
पण आहे एक नारिंगी तारा,
नागपूरच्या जवळजवळ माथ्यावरून जाणारा.
शंभरेक वर्षांपूर्वी निघालेला त्याचा उजेड
आत्ता उतरतोय,
लुगड्याखाली झाकलेल्या कुरड्यांवर.

त्याला सहा ग्रह.
पहिल्याच्या तीन फेऱ्या, तोवर दुसऱ्याच्या दोन.
दुसऱ्याच्या तीन, तिसऱ्याच्या दोन.
तिसऱ्याच्या तीन, चौथ्याच्या दोन.
मग चाल थोडी बदलते:
चारास तीन, पुन्हा चारास तीन.
सगळ्यात आतला सहा चकरा मारून येतो
तेव्हा कुठे बाहेरच्याची एक.
अब्जावधी वर्षं, आणि एक खाडा नाही.

खाडा म्हटल्यावर आई कान देते.
मेडिकलला बत्तीस वर्षं मेश्राम सिस्टर होती ती.

बाबा कोराडीला, बॉयलरवर.
त्यांची सुट्टी दर चौथ्या दिवशी,
हिची दर सहाव्या.
म्हणजे बाराव्या दिवशी दोघं एकदम घरी,
आणि त्या दिवशी गोळाभात,
वरून कढत तेल, हिंगाचा चर्र आवाज,
आणि मी मध्ये बसलेली.
एरवी जिन्यात भेट.
एक चढतोय, एक उतरतेय,
किल्ली या हातातून त्या हातात,
"दूध तापवलं", "बिल भरलं",
एवढीच ओढ, आणि आपापल्या वाटेला.

मी नुकतीच घड्याळ वाचायला शिकले होते.
चौकटीच्या वहीत लिहून ठेवायचे,
लुनाचा आवाज फाटकाशी किती वाजता आला.
दोन वीस. दोन एकवीस. दोन वीस.
आणि दर नवव्या दिवशी,
दोन अडतीस.

कुणाला विचारलं नाही.
वही तशीच जपली.

"मंग थे आपटत नाही का एकमेकांवर?"
नाही आई. जवळ येतात, पण ठरल्या जागी.
जराशी ओढाताण होते.
कुणी काही मिनिटं लवकर पोचतो, कुणी उशिरा,
ताऱ्यासमोरून जाताना त्याचा उजेड
हजारातला एखादा भाग कमी होतो,
आम्ही तेवढंच मोजत बसतो.
उशिराचा हिशोब जुळला नाही
की समजायचं, अजून कुणी आहे तिथे,
न दिसणारं.

असं टिकत नाही फारसं, हेही सांगते.
बहुतेक घरांत कधीतरी धक्का बसतो,
ताल सुटतो.
बाबांचं युनिट बंद पडलं. चौथा दिवस राहिला नाही.
तरी सव्वापाचला उठून बसतात,
कंपनीच्या बसची वाट पाहिल्यासारखे,
मग आठवतं,
मग पाणी पिऊन पुन्हा आडवे.

आई बराच वेळ गप्प.
रिंग रोडवरून एक ट्रक जातो, मग काहीच नाही.
"गांधीसागरच्या पायरीवर बसत होती मी,"
ती म्हणते. आभाळाकडे बघूनच.
"चपला काढून. शेंगा घेऊन.
कोणी नाही सोबत. एकटीच.
काही विचार बी नाही करत होती.
वीसेक मिनिटं.
तुह्या बापाले बी नाही सांगितलं कधी."

"अठरा," मी म्हणते.

ती वळून पाहते.
खाली दोन्ही कूलरांचा सूर क्षणभर जुळतो.
मग उशी उलटी करते,
गार बाजू वर.